कॅस्कास्किया: नदीपलीकडे राहिलेले इलिनॉय

नमस्कार मंडळी,

उन्हाळी सहलीसाठी सेंट लुईसच्या दक्षिणेकडचा नकाशा पाहताना कॅस्कास्किया हे गाव दिसले आणि मी तेथेच थबकले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अमेरिकेचे इलिनॉय राज्य आणि पश्चिमेला मिझुरी राज्य अशीच आपली समजूत असते. हे गाव मात्र नदीच्या पश्चिमेला असूनही इलिनॉयमध्ये मोडते, आणि २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी २१ नोंदवलेली आहे. एवढ्याशा वस्तीचा स्वतंत्र गावाचा दर्जा कसा टिकतो आणि हे गाव पलीकडच्या काठावर कसे गेले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
सहल समितीची एक सदस्य

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण लोकसंख्येचे कोडेही त्यातूनच सुटते.

कॅस्कास्किया १७०३ च्या सुमारास वसले. त्याच नावाच्या मूलनिवासी जमातीची माणसे आणि फ्रेंच जेझुइट धर्मप्रसारक मिसिसिपी व कॅस्कास्किया या दोन नद्यांमधल्या सपाट, गाळाच्या जमिनीवर स्थायिक झाले. जमीन इतकी कसदार होती की येथल्या गव्हाचे पीठ नदीमार्गे थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत जात असे. पुढे १८०९ पासून हे गाव इलिनॉय प्रदेशाची राजधानी होते, आणि १८१८ मध्ये राज्य स्थापन झाल्यावर त्याची पहिली राजधानीही तेच ठरले. १८२० मध्ये हा मान व्हँडेलियाकडे गेला.

गावाचे वैभव नदीमुळे होते आणि त्याचा नाशही नदीनेच केला, परंतु दोष केवळ नदीला देणे मला न्याय्य वाटत नाही. सेंट लुईसला पहिली आगबोट १८१७ साली पोहोचली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत बोटींच्या भट्ट्यांसाठी दोन्ही काठांवरची झाडे बेसुमार तोडली गेली. मुळांचा आधार गेल्यावर काठ ढासळू लागले, पात्र रुंद आणि उथळ झाले, पुरांचा जोर वाढला. १८४४ च्या महापुरानंतर काउंटीचे मुख्य ठाणे चेस्टरला हलवावे लागले. अखेर १८८१ च्या पुरात मिसिसिपीने दोन नद्यांमधली अरुंद पट्टी फोडली आणि ती कॅस्कास्किया नदीच्या खालच्या पात्रात शिरून तेथूनच वाहू लागली. जुने गावठाण त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू पाण्यात गेले. दफनभूमीतले हजारो अवशेष पूर्वेकडच्या टेकडीवर हलवण्यात आले, आणि १८९३ मध्ये गावकऱ्यांनी आपले चर्च दक्षिणेकडे नेऊन पुन्हा उभारले. आजचे गाव ते हेच.

आता हद्दीविषयी. नदी वर्षानुवर्षे कणाकणाने सरकली तर सीमाही तिच्याबरोबर सरकते, परंतु तिने एकाएकी नवे पात्र धरले तर सीमा जुन्या पात्रातच राहते, असे तत्त्व अमेरिकी कायदा मानतो. म्हणूनच कॅस्कास्किया आजही इलिनॉयच्या रँडॉल्फ काउंटीत आहे, मात्र तेथे जाण्याचा रस्ता मिझुरीतल्या सेंट मेरी गावातून, जुन्या पात्रावरच्या पुलावरून जातो. टपालाचा पिनकोडही मिझुरीचा आहे. आपल्याच काउंटीच्या कचेरीत जायचे तर येथल्या रहिवाशाला आधी परराज्यात जावे लागते, आणि भूगोलाचा हा भार रोज वाहणाऱ्या त्या मूठभर माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

गाव हा इलिनॉयमध्ये नोंदणीकृत स्थानिक संस्थेचा एक प्रकार आहे. ती नोंदणी रीतसर रद्द होईपर्यंत दर्जा कायम राहतो. लोकसंख्या १९०० साली १७७ होती आणि १९९० पर्यंत ती ३२ वर आली. त्यानंतर १९९३ च्या महापुरात संरक्षक बांध फुटून जुन्या आणि नव्या पात्रांमधली ही सगळी जमीन, म्हणजे संपूर्ण बेट, पाण्याखाली गेले, आणि २००० च्या जनगणनेत अवघी ९ माणसे मोजली गेली. २०१० मध्ये ती १४ झाली, २०२० मध्ये २१. तरीही ९ वरून २१ म्हणजे दुपटीहून अधिक वाढ, असा निष्कर्ष मी काढणार नाही. व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी २०२० च्या जनगणनेत लहान वस्त्यांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करण्यात आला. नेब्रास्कातल्या मोनोवाय या एका रहिवाशाच्या गावाचीही लोकसंख्या त्यात २ दाखवली गेली. शिवाय कॅस्कास्कियाची नोंदणीकृत हद्द एक चौरस मैलाच्या जेमतेम दशांशाएवढी आहे. तिच्याबाहेर बेटभर शेती पसरलेली आहे, आणि तेथे राबणाऱ्या सगळ्यांची गणना या २१ मध्ये होत नाही.

स्नेहांकित,
मंडळाचा एक जुना सभासद

---

काका, मनःपूर्वक आभार. सहलीत हे गाव घ्यावे असे समितीने ठरवले आहे. तेथे प्रत्यक्ष पाहण्यासारखे काय आहे, आणि फोर्ट कॅस्कास्किया हा जुना किल्लाही त्याच दिवशी करता येईल का?

---

ताई,

गावात चर्च आहे, आणि त्याच्या शेजारच्या छोट्या वास्तूत १७४१ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने दिलेली घंटा जपून ठेवलेली आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क याच्या तुकडीने ४ जुलै १७७८ रोजी इंग्रजांकडून गाव घेतले, तेव्हा हीच घंटा वाजवली गेली असे सांगतात. फोर्ट कॅस्कास्कियाची जागा नदीच्या पूर्वेकडच्या टेकडीवर आहे. समोरासमोर असूनही मध्ये पूल नाही. मिझुरीत परत येऊन चेस्टरच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो. तेवढा वेळ हाताशी ठेवून सकाळी लवकर निघावे, म्हणजे टेकडीवरून नदीचे आजचे पात्र आणि पलीकडचे बेट उजेड असतानाच पाहता येईल. पाऊस लागून राहिला असेल तर निघण्याआधी नदीच्या पातळीची चौकशी अवश्य करावी.