शनिवारची अर्म खाडी: १२:४० की १:४०?

प्रेषक: अप्पा
विषय: शनिवारची चाल, अंतिम वेळापत्रक (आता बदल सुचवू नयेत)
सोमवार, रात्री ९:१०

मंडळी,
सतरा नावं पक्की झाली. शुक्रवारी रात्री सगळे प्लिमथ मुक्कामी. शनिवारी मिनीबस ८ ला हलेल, कोणासाठीही थांबणार नाही. बिगबरी-ऑन-सीहून ९ ला चालायला सुरुवात, ११:४० ला अर्म नदीच्या काठी, वॉनवेलच्या उतरणीवर. ओहोटी १२:४० ची आहे. तासभर आधी ते तासभर नंतर अर्म पायी ओलांडता येते, म्हणजे ११:४० ते १:४०. आपण अगदी सुरुवातीलाच उतरू, पलीकडे मॉथकोमला जेवू. पुढे नऊ मैल नॉस मेयो. पाय उचलले तर यील्म नदीची होडी मिळेल आणि वेम्बरीला चहा.
ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा ओएलवीस, मी आणतोय. प्रत्येकाने आणायची गरज नाही.

अप्पा

---

प्रेषक: माई
सोमवार, रात्री ९:४२

अप्पा, दशम्या मी करते, पन्नास पुरतील ना? शेंगदाण्याची चटणी कोरडी. दही कोणी आणू नका, सीफर्डला काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.
आणि हो, या वेळी पाण्यापाशी पोचल्यावर "अरे, इथे पूल नाही वाटतं" असं ऐकायला लागू नये. कक्मिअर नदीच्या तोंडाशी उभं राहून समोरच्या त्या सात पांढऱ्या कड्यांचे फोटो काढले आणि मग एक्सीटच्या पुलापर्यंत आत चालत गेलो, ते माझे गुडघे विसरलेले नाहीत.

माई

---

प्रेषक: अप्पा
सोमवार, रात्री ९:५०

माई, कक्मिअरला पूल आत आहे हे मला माहीत होतं. मंडळींना समुद्र दाखवायचा होता.

---

प्रेषक: अण्णा (प्लिमथ)
सोमवार, रात्री ११:०५

> ओहोटी १२:४० ची आहे

अप्पा, हा आकडा कुठून घेतलात? छापील पुस्तिकेतून असेल तर पहिल्या पानावर बारीक अक्षरात बघा, वेळा ग्रीनिचच्या आहेत का. बहुतेक असतातच. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवायचा. म्हणजे ओहोटी १:४० ची, आणि खाडी १२:४० ते २:४० या वेळात. तुम्ही ११:४० ला उतरवलंत तर ओहोटीला दोन तास बाकी असतील. गुडघ्याऐवजी कंबरेपर्यंत पाणी, आणि त्यात माई.

अण्णा

---

प्रेषक: माई
सोमवार, रात्री ११:११

"त्यात माई" म्हणजे काय?

---

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ६:३०

सर्वांस नमस्कार.
हा ग्रीनिच-बिनीच घोळ कशाला? शुक्रवारी पौर्णिमा आहे, शनिवारी वद्य प्रतिपदा. आमच्या अलिबागेत लहान पोरालाही ठाऊक असतं, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे शनिवारी दुपारी पाऊण वाजता पूर्ण भरती. ओहोटी नव्हे, भरती! तुम्ही दोघं तासासाठी भांडताय आणि दोघंही सतरा माणसांना भर पाण्यात उतरवणार आहात.
कुलाबा किल्ल्यात मी शाळेत असताना शंभरदा चालत गेलोय, याच हिशेबावर. एकदाच अडकलो, तेही मावसभावाने तिथी चुकीची सांगितली म्हणून. किल्ल्यात रात्र काढली, गणपतीच्या देवळात. पुजाऱ्याने पोहे दिले.
खाडी ओलांडायची तर सकाळी सात किंवा संध्याकाळी सात. विचार व्हावा.

नाना

---

प्रेषक: बंटी
मंगळवार, सकाळी ८:१५

ॲपवर १:४० दाखवतंय. लोकल टाइम. झालं?

---

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ८:२०

बंटी, ॲपने चंद्र पाहिलाय का?

---

प्रेषक: ब्रिस्टलच्या काकू
मंगळवार, सकाळी १०:०२

मला वेळेचं काही कळत नाही, पण मिनीबसच्या यादीत "वारी २" असं लिहिलंय ते कोणी लिहिलं? वारी म्हणजे वारी. चहाच्या टपऱ्या बघत समुद्रकाठाने चालायचं आणि त्याला वारी म्हणायचं, हे मला पटत नाही. आमचे सासरे आळंदीहून पंढरपूरला बारा वर्षं गेले. पायाला फोड आले तरी फोटो टाकला नाही.
"चाल" म्हणा, "भटकंती" म्हणा.

---

प्रेषक: बंटी
मंगळवार, सकाळी १०:०९

काकू, मी लिहिलं. सॉरी. पण फोड येतातच की इथे पण.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, दुपारी १२:३०

मिनीबस आणि मुक्कामाची आगाऊ रक्कम माणशी १२ पौंड. सतरापैकी चौदा जणांचे आले. उरलेल्या तिघांनी समजून घ्यावे. नावे घेत नाही.
वेळ बदलली तर मिनीबसचे तास वाढतील, हेही कोणीतरी लक्षात घ्यावे.

---

प्रेषक: अण्णा (प्लिमथ)
मंगळवार, रात्री ८:४०

नाना, रागावू नका. तुमचं सूत्र खोटं नाही, जागा चुकली आहे.

पौर्णिमा-अमावास्येला चंद्र दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास डोक्यावर किंवा पायाखाली असतो हे सगळीकडे सारखंच. पण त्यानंतर पाणी किती वेळाने चढतं हे प्रत्येक बंदराचं वेगळं. किनाऱ्याचा आकार, उथळपणा, लाट कुठल्या तोंडातून शिरते, यावर ते ठरतं. मुंबई-अलिबागला पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास, म्हणून तिथीची पाऊणपट जमते. रोज साधारण पाऊण तासाने भरती पुढे सरकते, एवढंच त्या पाऊणपटीत आहे. बाराचा आकडा मात्र अलिबागचा, तो बरोबर घेऊन फिरता येत नाही.

इथे प्लिमथला उधाणाची भरती सकाळी सहा-साडेसहा आणि संध्याकाळी सहा-साडेसहा, ग्रीनिचने. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास ओहोटी नेहमी भर दुपारी. कोळ्यांना विचारा, कुत्री फिरवणाऱ्यांना विचारा, सगळे हेच सांगतील. अठरा वर्षं इथे गळ टाकतोय, उधाणाला दुपारचं जेवण वाळूवर बसूनच होतं.

त्यामुळे शनिवारी ओहोटी आहे, भरती नाही. पाऊणची ग्रीनिचने, १:४० ची घड्याळाने. उधाण असल्याने पाणी खूप खाली जाईल, हे चांगलं. पण उधाणाचं पाणी परततं तेही धावत. म्हणून १:४० च्या आधीच सगळे पलीकडे हवेत. २:४० ची मुदत शेवटच्या माणसाला दाखवूच नका.

आणखी एक. अर्म डार्टमूरच्या डोंगराळ माळावरून येते. आदल्या दोन दिवसांत वर जोराचा पाऊस झाला तर ओहोटीलाही पाणी ओढेल. तसं झालं तर मुकाट्याने सिक्वर्स ब्रिजवरून फिरून जायचं, रस्त्याने आठ-नऊ मैल. मी ते एकदा केलंय. परत करणार नाही, पण बुडण्यापेक्षा बरं.

अण्णा

---

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री ९:१५

अण्णा, तुम्ही वयाने लहान, पण समजावून सांगितलंत म्हणून उत्तर देतो.
मी पोर्ट्समथला बावीस वर्षं काढली. गोदीत नोकरी. तिथे हे सूत्र एकदाही चुकलं नाही. पौर्णिमेला दुपारी बाराला पाणी काठोकाठ. इंग्लंडला अलिबागचं सूत्र लागत नाही म्हणता, मग पोर्ट्समथ काय कोकणात आहे?

नाना

---

प्रेषक: बंटी
मंगळवार, रात्री ९:२२

😂 नाना

---

प्रेषक: अण्णा (प्लिमथ)
मंगळवार, रात्री १०:५०

नाना, आता कळलं तुम्ही इतके ठाम का आहात.
पोर्ट्समथला ते चालतंच! अटलांटिकची भरती इंग्लिश खाडीत पश्चिमेकडून शिरते. प्लिमथला आधी पोचते, पोर्ट्समथला साडेपाच-सहा तासांनी. प्लिमथला सहाला भरती, तर तिथे साडेअकरा-बाराला. योगायोगाने अलिबागचंच घड्याळ. तुम्ही बावीस वर्षं नेमक्या त्याच बंदरात राहिलात. शेजारी साउदॅम्प्टनला राहिला असतात तर तिथे भरती एकदा येऊन थोडी उतरते आणि परत चढते, सूत्राची पार वाट लागली असती.

अण्णा

---

प्रेषक: माई
बुधवार, सकाळी ७:३५

ते सगळं ठीक. पाण्यात पायात काय घालायचं? कोल्हापुरी नको हे कळलंय, ते उदाहरण कृपया परत काढू नका. अनवाणी जायचं का?

---

प्रेषक: ब्रिस्टलच्या काकू
बुधवार, सकाळी ८:५०

माई, अनवाणी नको, शिंपले लागतात. जुने कॅनव्हासचे बूट पिशवीत घ्या, बूट-मोजे गळ्यात अडकवा, पलीकडे टॉवेलने पाय नीट कोरडे करून मगच मोजे. ओल्या पायात मोजे घातले की नऊ मैलांत फोड ठरलेले. काठी असेल तर दोन्ही हातांत काठ्या.
मला दुसरीच शंका आहे. बिगबरीपासून वॉनवेलपर्यंत नकाशावर पाच मैल दिसतात, पण गेल्या वेळी आमची कंबर मोडली होती. चॅलबरो झालं की खाली, मग वर, एअरमर कोव्हला खाली, परत वर. सरळ वरून रस्ता न्यायला यांना काय होतं?

---

प्रेषक: अण्णा (प्लिमथ)
बुधवार, दुपारी १:१०

काकू, ही वाट आपल्यासाठी केलेलीच नव्हती. चोरटा माल पकडणारे तटरक्षक रात्री गस्त घालायचे, त्यांना प्रत्येक चोंढ्यात डोकावून बघायला लागायचं. म्हणून वाट कड्याच्या अगदी काठाने जाते आणि प्रत्येक खळग्यात उतरते. माइनहेडपासून पूल नावाच्या गावाच्या बंदरापर्यंत ६३० मैल हेच. मी तुकड्या-तुकड्यांनी चारशेच्या वर केलेत, आणि चढ मोजायचे सोडून दिलेत.
तेव्हा पाच मैलांना सतरा माणसं घेऊन अडीच ते पावणेतीन तास धरा.

---

प्रेषक: अप्पा
बुधवार, रात्री ९:३०

मंडळी,
दोन दिवस गप्प होतो कारण पुस्तिका सापडत नव्हती. सापडली. पहिल्या पानावर खाली लिहिलेलं आहे, ग्रीनिच वेळ. अक्षर इतकं बारीक की ते भिंगाने वाचावं लागलं. असो. या विषयावर आता चर्चा नको.

बदललेलं: मिनीबस ९ ला. चालायला सुरुवात १० ला. वॉनवेलला पावणेएकपर्यंत सगळे. १ ते १:३० च्या दरम्यान पार, अण्णा पुढे, मी मागे, मुलं मधे. दशम्या वॉनवेललाच, पाणी उतरताना बघत. बाराच्या आत पोचलात तर वाळूत उतरून "बघू तर किती खोल आहे" करायचं नाही. बंटी, हे तुला.

यील्मची होडी आता मिळत नाही, तिच्या वेळा मोजक्या आहेत आणि आपण नॉस मेयोला सहाच्या आत पोचत नाही. मिनीबस नॉस मेयोला येईल. ज्यांना नऊ मैल झेपणार नाहीत त्यांनी मॉथकोमला थांबावं, अण्णांच्या वहिनी गाडी घेऊन तिथे येणार आहेत. चार जागा. माई, काकू, नाना, चौथं नाव कळवा.

आणि यादीवरचं "वारी" खोडलं आहे.

अप्पा

---

प्रेषक: नाना
बुधवार, रात्री १०:०५

गाडीत माझं नाव घालायची गरज नाही. चालणार आहे.
अलिबागला मावसभावाला फोन केला होता. शनिवारी त्याच्याकडे पाऊण वाजता भरती, तिथीप्रमाणे. तोच पाऊण इकडे ग्रीनिचने ओहोटीचा. तो म्हणाला, नाना, घड्याळ उलटं धरून बघ. चुकीची तिथी सांगणारा हाच तो.
पंचांग घेऊन येतो. अण्णांनी पोर्ट्समथचा तक्ता आणावा, वॉनवेलला बसल्या बसल्या ताडून बघू.

नाना

---

प्रेषक: माई
बुधवार, रात्री १०:१२

मीही चालणार आहे. गाडी कोणी मागितली होती?

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री १०:३०

गाडीत कोण बसणार ते तुम्ही ठरवा. मिनीबसचा एक तास वाढला, त्याचे बिल मंडळाकडे येणार. त्यामुळे माणशी १२ चे १४ झाले.
नाना, तुमचे मूळचे १२ सुद्धा अजून आलेले नाहीत.