बंदराच्या दारात ट्रेलर एकोणीस तास उभा राहिला: बडोद्याहून माल पाठवताना वेळ कशी ठरवावी?

प्रश्न (निर्यात रवानगी, मकरपुरा, बडोदा)

नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीतल्या) व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात निर्यातीच्या मालाची रवानगी पाहतो. महिन्याला आमचे सहा ते आठ कंटेनर जातात. आमचा माल जड असल्यामुळे जागा भरण्याआधीच वजनाची मर्यादा येते, म्हणून ते बहुतेक वीस फुटी असतात.

गेल्या महिन्यात घडलेली गोष्ट सविस्तर लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला आमचा ट्रेलर कारखान्यातून निघाला आणि शनिवारी सकाळी साडेदहाला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराबाहेरच्या रांगेत लागला. जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे त्यासाठीचा कंटेनर बंदरात घेण्याची शेवटची वेळ, रविवारी पहाटे चारचा होता, म्हणजे हातात साडेसतरा तास होते आणि आम्ही निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ट्रेलर आत गेला तो रविवारी पहाटे साडेपाचला. कंटेनर शट-आउट झाला, म्हणजे त्या जहाजावर चढू शकला नाही, आणि पुढच्या जहाजासाठी आठ दिवस थांबावे लागले. ट्रेलरमालकाने दोन दिवसांचे हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचा आकार) लावले, जागेचे भाडे वेगळे भरावे लागले आणि परदेशातल्या ग्राहकाला उशिराचे कारण कळवताना मला खरोखर लाज वाटली.

नंतर मी आमच्याच फाटकावरची वही काढून पाहिली. रिकामा कंटेनर सकाळी ९.४० ला आत आला होता. लाकडी खोकी तयार नसल्याने भराई १२.३० ला सुरू झाली, सील ४.५० ला लागले आणि बिले, ई-वे बिल व वजनाची पावती होईपर्यंत सव्वासहा वाजले. म्हणजे बंदराला दोष देण्याआधी साडेआठ तास आमच्याच अंगणात गेले होते.

काही बंदरांत ट्रेलरला आधी वेळ नेमून देण्याची पद्धत आहे, असे वाचले आहे. तिचा खरोखर उपयोग होतो का, थांबण्याचा खर्च कोणी सोसावा, आणि आमच्यासारख्या मध्यम कारखान्याने इथून ट्रेलर कधी सोडावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (ट्रेलर व्यवसाय, गोल्डन चोकडी)

आपण स्वतःची वही उघडून पाहिलीत, याबद्दल आधी आभार मानतो. वीस वर्षांत माझ्याकडे असे करणारा रवानगी अधिकारी क्वचितच आला.

आपला ट्रेलर शुक्रवारी संध्याकाळी निघाला, यातच अर्धे उत्तर आहे. मकरपुरा, वाघोडिया, हालोल, सावली, नंदेसरी या सगळ्या ठिकाणी दिवसभर भराई होते आणि संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान सगळे ट्रेलर एकाच वेळी महामार्गावर येतात. जांबुवा आणि पोरजवळच्या अरुंद पुलांवर पहिली रांग तिथेच लागते. पुढे न्हावा शेव्याकडे जायचे असेल तर पहाटे मनोर ओलांडेपर्यंत गाड्या पुन्हा थोड्या पांगतात, पण ठाण्याच्या हद्दीत अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक तासांत बंदी असते. मग पांगलेल्या गाड्या ढाब्यांवर आणि रस्त्याच्या कडेला पुन्हा गोळा होतात आणि बंदी उठली की धरणाचा दरवाजा उघडावा तशा एकदम सुटतात. बंदरावर येणारा लोंढा असा रस्त्यातच तयार होतो. त्यात आठवड्याच्या अखेरीस निघणाऱ्या जहाजांची भर पडते, कारण प्रत्येक कारखाना शेवटच्या दिवसापर्यंत माल धरून ठेवतो.

थांबण्याच्या खर्चाबद्दल विचारलेत. आमच्या करारात पहिले चोवीस तास फुकट असतात, त्यानंतर हॉल्टिंग लागते. म्हणजे पहिल्या दिवसाचा भार मालक आणि चालक सोसतात, आणि चालकाला फेरीवर पैसे मिळत असल्यामुळे सर्वांत मोठा वाटा त्याच्याच डोक्यावर येतो. रांगेत एकोणीस तास म्हणजे विश्रांती, असे कारखान्यातल्या लोकांना वाटते. प्रत्यक्षात दर पाच-दहा मिनिटांनी पुढची गाडी वीस फूट सरकते आणि आपणही सरकलो नाही तर मागचा घुसतो. आमचा एक चालक ट्रेलरच्या बाजूच्या पेटीत स्टोव्ह आणि तांदूळ ठेवतो. भात अर्धवट शिजलेला असताना स्टोव्ह विझवून, पातेले फडक्यात धरून केबिनमध्ये चढायचे, गाडी सरकवायची आणि पुन्हा खाली उतरून स्टोव्ह पेटवायचा, असे एका जेवणात चार वेळा करताना मी त्याला पाहिले आहे. असा माणूस आत जाऊन कंटेनर उतरवतो आणि त्याच डोळ्यांनी परत बडोद्यापर्यंत गाडी हाकतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातलेली होती. पण कामाच्या तासांच्या व्याख्येत टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरला होता. बंदरावरच्या रांगेचा विचार त्या व्याख्येत कोणी केला असेल, असे मला वाटत नाही.

वेळ नेमून देण्याला माझा विरोध नाही, भीती मात्र आहे. ठाण्यात गाडी अडकली आणि नेमलेली वेळ हुकली तर दंड आमच्यावर, आणि आम्ही वेळेवर पोहोचूनही आत पाच तास गेले तर टर्मिनलवर काहीच नाही, अशी पद्धत आली तर लहान ट्रेलरमालक संपेल.

उत्तर २ (कस्टम्स क्लिअरिंग, बडोदा)

कागदपत्रांपुरते लिहितो. रांगेतल्या प्रत्येक पाच-सहा गाड्यांत एखादी अशी असतेच की जिचा फॉर्म १३ (कंटेनर बंदरात नेण्याचा परवाना) जुळत नाही. सीलचा एक आकडा चुकलेला असतो, वजनाचा दाखला दुसऱ्या कंटेनरच्या नावे चढलेला असतो किंवा जहाजाचे नाव बदललेले असते. ती गाडी मार्गिकेत अडकली की मागच्या सगळ्यांची कागदपत्रे चोख असूनही त्यांना थांबावे लागते. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवणे १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे आणि कारखान्यात स्वतः सील करणाऱ्या निर्यातदारांसाठी आरएफआयडी सील (रेडिओ लहरींनी वाचता येणारे सील) २०१७ मध्ये आले. हे दोन्ही क्रमांक आमच्याकडे व्हॉट्सॲपवर फोटोने येतात आणि आम्ही ते हाताने पुन्हा टाइप करतो. तिथे ८ चा ३ होतो. फोटोबरोबर आकडा लिहूनही पाठवा, आणि गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी आमच्याकडून फॉर्म १३ झाल्याचा निरोप येऊ द्या.

न्हावा शेव्याला कारखान्यात भरलेल्या निर्यात कंटेनरसाठी एकत्रित पार्किंग प्लाझा करण्यामागे हाच विचार आहे. कस्टम्सची परवानगी आणि कागदपत्रे तिथे पूर्ण व्हावीत आणि तयार गाडीच टर्मिनलच्या दारात जावी.

आणखी एक मार्ग रेल्वेचा आहे. बडोद्याजवळच्या दशरथ किंवा वरणामासारख्या अंतर्देशीय डेपोतून माल पाठवला तर कस्टम्सचे काम इथेच होते आणि कंटेनर रुळांवरून थेट बंदराच्या आत पोहोचतो. पंचेचाळीस वाघिणींच्या एका गाडीत वीस फुटी नव्वद कंटेनर बसतात, तेवढे ट्रेलर रस्त्यावरून कमी होतात. मात्र गाडीचा दिवस तुमच्या सोयीने ठरत नाही, त्यामुळे माल तीन-चार दिवस आधी तयार लागतो. आपल्या कारखान्याची खोकी दुपारी साडेबारापर्यंत तयार होत नसतील, तर आधी ते दुरुस्त करावे लागेल.

उत्तर ३ (निवृत्त, कंटेनर यार्ड नियोजन, मांजलपूर)

मी कंटेनर टर्मिनलच्या यार्डचे नियोजन बरीच वर्षे केले आहे, म्हणून दाराच्या आतली बाजू मांडतो.

आधी थोडे गणित. गेटची एक मार्गिका एका ट्रेलरला सरासरी दोन मिनिटे घेते असे धरा, म्हणजे तासाला तीस. ट्रेलर अनियमितपणे येत असतील तर तासाला चोवीस आल्यावर सरासरी आठ मिनिटे थांबावे लागते, सत्तावीस आल्यावर अठरा मिनिटे. तीनच गाड्या वाढल्या आणि थांबणे दुपटीहून जास्त झाले. त्याच मार्गिकेवर चार तास सतत पंचेचाळीसच्या दराने गाड्या आल्या तर साठ गाड्या उरतात आणि शेवटच्याला दोन तास लागतात. क्षमता दिवसभराच्या हिशेबाने पुरेशी असूनही रांग का लागते, ते यावरून कळेल. पहाटे तीनला मी रिकामे गेट पाहिले आहे आणि त्याच दिवशी दुपारी चारला दोन किलोमीटरची रांगही पाहिली आहे.

पण एकोणीस तास केवळ गेटमुळे लागत नाहीत. यार्डातली क्रेन जहाजासाठीही काम करते आणि ट्रेलरसाठीही. जहाज धक्क्याला लागले की पहिला मान जहाजाचा, कारण त्याचा प्रत्येक तास महाग असतो. ट्रेलर त्या क्रेनखाली थांबतो, त्याच्यामागे दुसरा, आणि रांग यार्डातून उलटी सरकत गेटबाहेर येते. आयातीच्या बाजूला आणखी एक अडचण असते. कंटेनर पाच थरांत रचलेले असतील आणि कोणता आधी न्यायला येणार हे माहीत नसेल, तर हवा तो काढण्यासाठी सरासरी दोन कंटेनर बाजूला ठेवावे लागतात. तळाचा हवा असेल तर चार. तेवढा वेळ आपला निर्यातीचा ट्रेलर शेजारी उभा असतो.

नेमलेल्या वेळेचा खरा फायदा इथे आहे. उद्या सकाळी दहाला कोणता कंटेनर न्यायला गाडी येणार हे आज रात्री कळले, तर तो रात्रीच वर आणून ठेवता येतो. वेळेची नोंद केवळ गेटपुरती ठेवली आणि यार्डाच्या नियोजनाला जोडली नाही, तर मात्र रांग दुसरीकडे हलवण्यापलीकडे काही साधत नाही.

ट्रेलर व्यवसायातल्या भाऊंची भीती अगदी योग्य आहे आणि तिचे उत्तर प्रत्यक्ष वापरात आहे. सिडनीच्या पोर्ट बॉटनीमध्ये २०११ पासून दंड दोन्ही बाजूंना आहे. ट्रेलर उशिरा आला तर वाहतूकदार भरतो आणि वेळेवर आलेल्या गाडीचे काम ठरलेल्या मुदतीत झाले नाही तर टर्मिनल वाहतूकदाराला पैसे देते. वेळ पाळण्याची शिस्त तिथे टिकली ती यामुळे, असे माझे मत आहे. उलट लॉस एंजेलिस आणि लाँग बीचमध्ये २००५ साली दिवसा येणाऱ्या मालावर जादा आकार ठेवला आणि रात्रीचा माफ केला, तेव्हा आकार टाळण्यासाठी ट्रक संध्याकाळी सहाच्या आधी येऊन दाराबाहेर उभे राहू लागले. २०१८ मध्ये तिथे दोन्ही पाळ्यांना सारखा आकार केला आणि वेळ नेमून घेण्यावर भर दिला. ठाण्याच्या बंदीने आपल्याकडे जो लोंढा तयार होतो, तो याच जातीचा आहे. एका ठरावीक मिनिटाला दरवाजा उघडणारी कोणतीही सवलत किंवा बंदी आपल्या अलीकडे रांग तयार करते.

आता ट्रेलर कधी सोडावा, याविषयी. कट-ऑफपासून मागे मोजू नका, गेट उघडण्याच्या वेळेपासून पुढे मोजा. जहाजासाठी निर्यात कंटेनर घेणे कट-ऑफच्या काही दिवस आधी सुरू होते आणि पहिल्या दिवशी यार्ड मोकळे असते. त्या दिवशी आलेला कंटेनर पुढच्या बंदराप्रमाणे आणि वजनाप्रमाणे योग्य जागी रचता येतो. शेवटच्या दिवशी आलेला मिळेल तिथे ठेवावा लागतो. आपला माल जड आहे, म्हणून आपल्याला हे अधिक लागू आहे. बडोद्याहून भरलेला ट्रेलर साधारण चौदा ते सोळा तास घेतो. तो सकाळी अकराच्या आत निघाला तर मध्यरात्रीनंतर बंदराजवळ असेल आणि पहाटेच्या मोकळ्या तासांत आत जाईल. त्यासाठी भराई आदल्या दिवशी संपायला हवी. वाटेत चालकाच्या झोपेसाठी चार तास धरा, ते हिशेबातून कापू नका.

पुन्हा प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. आज उत्पादन विभागाबरोबर बसून एवढे ठरले: खोकी भराईच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तयार ठेवायची, रिकामा कंटेनर दुपारी मागवायचा आणि त्याच संध्याकाळी सील करून गाडी कारखान्याच्या आवारातच रात्रभर उभी ठेवायची, म्हणजे चालकाला नीट झोप मिळेल. आवारात त्याच्यासाठी पंखा असलेली खोली आणि नळ आहे, ती आजवर कुलूपबंद होती. सील आणि वजनाचे आकडे लिहून पाठवायची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे.

हॉल्टिंगच्या बाबतीत आमच्या ट्रेलरमालकाशी बोललो. बारा तासांनंतरच्या थांबण्याचे पैसे आम्ही देऊ आणि त्यातला अर्धा वाटा थेट चालकाच्या खात्यात जाईल, यावर त्यांनी होकार दिला आहे. पुढचा कंटेनर मंगळवारी भरून बुधवारी सकाळी निघेल आणि त्या जहाजाचा कट-ऑफ शनिवारी रात्री आहे. गाडी रांगेत कधी लागली आणि आत कधी गेली, या दोन्ही वेळा इथेच कळवीन.