मेट्रो स्थानकापर्यंत चालत जायचे तरी कसे?

प्रश्न:
पुण्यात मार्च २०२२ पासून मेट्रो धावू लागली, तरी घरापासून स्थानक पायी गाठणे अजूनही जिकिरीचेच आहे. आमच्या भागात पदपथावर आधी विजेची डीपी, पुढे लावून ठेवलेल्या दुचाकी आणि मग उखडलेल्या फरशा, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या आईला भर रहदारीतून चालावे लागते. दाद कोठे मागावी?

प्रतिसाद १:
महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करूनही दाखवले. उपनगरांच्या वाट्याला मात्र ते आलेले नाहीत. छायाचित्रे जोडून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्याच.

प्रतिसाद २:
बसचीही तीच कथा आहे. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली, पण राखीव मार्गिकेत खासगी वाहने घुसत राहिली आणि रस्त्याच्या मधोमध असलेला थांबा गाठायलाच वाहनांचा लोंढा ओलांडावा लागे. उड्डाणपुलांना पैसा मिळतो, पदपथांना मिळत नाही, याचा मनस्वी संताप येतो.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. तक्रारीत डीपीचा क्रमांकही लिहिते.