घरात शिक्षा भोगून आलेला माणूस असेल तर बाकीच्यांनी बंदूक सोडायची का?

रेवा_ह्यूस्टन
आमच्या शेजारीण बाई एकट्या राहतात. घटस्फोटानंतर आधीच्या नवऱ्याने धमक्या दिल्या, म्हणून त्यांनी रीतसर पिस्तूल घेतलं, रेंजवर जाऊन चालवायला शिकल्या. आता त्यांचा भाऊ ड्रग्जच्या गुन्ह्यात पॅरोलवर सुटतोय आणि त्याला दुसरं घर नाही. पॅरोल ऑफिसर (सुटलेल्या कैद्यावर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) म्हणतो, घरात हत्यार असेल तर हा पत्ता मंजूर होणार नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याने, एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. म्हणजे बंदी भावावर आहे, बहिणीवर नाही! तरी भाऊ की पिस्तूल, हे तिनेच का ठरवायचं? हा सरळसरळ अन्याय आहे.

निशिकांत
रेवाताई, बाळगणं म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. अप्रत्यक्ष ताबाही कोर्ट धरतं. वस्तू आपल्या ताब्यात घेणं शक्य असलं आणि तसा इरादा असला, की पुरे. पिस्तूल हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये आहे, भावाला ते माहीत आहे. उद्या झडती झाली तर सरकारी वकील काय सांगेल? २०२२ मध्ये या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षं झाली. बहिणीच्या पिस्तुलापायी भाऊ परत आत जायचा.

रेवा_ह्यूस्टन
इरादा सिद्ध करावा लागतो, हे तुम्हीच लिहिलंत. तिजोरीत ठेवा, कोड फक्त तिच्याकडे. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही २०१४ पासून हेच आहे: असा माणूस घरात असेल तर बंदूक कुलपात ठेवा, नाहीतर स्वतःच्या अंगावर बाळगा. सोडून द्या असं तिथेही म्हणत नाहीत.

अरुंधती_के
कुलपावर माझा विश्वास नाही. कोड घरच्यांना कळतातच. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तुरुंगातून आलेल्या माणसाला नोकरी नाही, मित्र तुटलेले, व्यसन परत खुणावतंय. त्याच्या खोलीपासून चार पावलांवर भरलेलं पिस्तूल नको. त्याच्या हातून दुसऱ्या कुणाचं काही होण्यापेक्षा तो स्वतःच्याच जिवाचं काही करून घेईल, याची मला जास्त भीती वाटते.

माधव_एडिसन
मूळ दुखणं आजन्म बंदीत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थाने १९९५ मध्ये फूड स्टॅम्पसाठी (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत) खोटी माहिती दिल्याचं कबूल केलं. तुरुंगवास झाला नाही. पुढे बायकोने त्यांना हरणाच्या शिकारीची रायफल घेऊन दिली; आपल्यावर बंदी आहे हे कळल्यावर त्यांनी ती विकून टाकली. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. टेक्सासचा स्वतःचा कायदाही सुटकेनंतर किंवा पॅरोल संपल्यावर ५ वर्षांनी राहत्या घरात बंदूक ठेवू देतो, पण फेडरल बंदी तशीच राहते. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्यालाही शिक्षा संपल्यापासून ५ वर्षंच मनाई आहे. परवाना मिळणं इथल्यापेक्षा कितीतरी अवघड, तरी मुदत आहे!

निशिकांत
माधवराव, मुदतीचं पटलं. पण हा भाऊ अजून पॅरोलवर आहे, म्हणजे शिक्षाच चालू आहे. तोवर पिस्तूल दुसऱ्या कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेवावं.

रेवा_ह्यूस्टन
आणि तो आधीचा नवरा पॅरोल संपेपर्यंत थांबणार आहे का?

अरुंधती_के
त्याच्याविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश घ्यायला लावा. रीतसर सुनावणी होऊन आदेश निघाला आणि तो धोकादायक असल्याचं त्यात नोंदलं, की फेडरल कायद्याने त्यालाच बंदूक ठेवता येत नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी ही तरतूद उचलून धरली.

रेवा_ह्यूस्टन
आदेशासाठी उद्याच त्यांच्याबरोबर जाते. पण पिस्तूल घराबाहेर ठेवा, असं मी त्यांना सांगणार नाही. मध्यरात्री दारावर लाथ बसली तर पोलिस येईपर्यंत त्या एकट्याच असतात. तिजोरी दाखवून पॅरोल ऑफिसरशी पुन्हा बोलू.