यंत्रमागाच्या शेजारी राहून खोल बास ऐकायचा असेल, तर कोणते हेडफोन घ्यावेत?

मागाशेजारी :
नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. टेक्नो आणि ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे माझे आवडते प्रकार असून गेल्या वर्षापासून लॅपटॉपवर स्वतःही काही रचना करून पाहतो आहे. खोक्यावर ‘दमदार बास’ असे ठळक छापलेले एक ब्लूटूथ हेडफोन मी दिवाळीत घेतले. त्यांत किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका फुगून येतो खरा, पण त्याच्याखाली चाललेली बासलाइन (खालच्या सुरांची ओळ) त्या फुगवट्यात बुडून जाते आणि सगळे गाणे गोधडीखालून वाजल्यासारखे वाटते. त्यात भिंतीपलीकडे टॉवेलचा कारखाना आहे. रात्रपाळीचे माग सुरू झाले की त्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि तासाभरात कान दुखू लागतात. दहा हजार रुपयांच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे. खोल पण स्वच्छ बास हवा असेल तर नेमके काय पाहावे? कंपन्या २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) असा आकडा छापतात, त्यावर किती विसंबावे?

खर्जप्रेमी :
त्या आकड्यावर मुळीच विसंबू नये. २० ते २०,००० हर्ट्झ ही माणसाच्या कानाचीच ढोबळ मर्यादा आहे. २० हर्ट्झपर्यंत जाताना आवाज किती डेसिबलने घसरतो हे सोबत दिलेले नसेल, तर त्यातून निवड करण्याजोगे काहीच हाती लागत नाही.

आपली तक्रार वाचून मला वाटते की आपल्याला बास कमी मिळत नसून तो भलत्या ठिकाणी जास्त मिळतो आहे. साधारण २० ते ६० हर्ट्झचा पट्टा म्हणजे सब-बास, आणि ड्रम अँड बेसमधली ती लांब, सरकत जाणारी बासलाइन पुष्कळदा तिथेच असते. किकचा मुख्य जोर त्याच्या किंचित वर, ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. पुष्कळ स्वस्त हेडफोनांमध्ये मात्र त्याहून वरचा, २५० हर्ट्झपर्यंतचा भाग फुगवलेला असतो, कारण दुकानात अर्धा मिनिट ऐकणाऱ्याला तोच ‘दणका’ वाटतो. डग्ग्याची मींड ऐकायला बसावे आणि कोणी पिंप बडवावे, असा तो प्रकार होतो.

खोल बाससाठी ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या आकारापेक्षा कानाभोवतीची गादी किती घट्ट बसते हे अधिक महत्त्वाचे आहे. बारीकशी फट राहिली, तरी सर्वांत खालच्या सुरांचा दाब तिथून निसटतो आणि वरचे सूर जवळपास जसेच्या तसे राहतात. म्हणून विचारतो, आपण चष्मा वापरता का? एक सोपी परीक्षा करून पाहा. ४० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी अलगद दाबा. दाबताच सूर एकदम भरून आला, तर फट आहे असे समजा.

नावे सांगायची तर ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम५०एक्स पाहावे. ते मागून बंद आहेत, ड्रायव्हर ४५ मिलिमीटरचा आहे, विद्युत रोध कमी, ३८ ओहम असल्यामुळे फोनवरही चालतात आणि केबल बदलता येते. बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो अधिक खोल जातात असे माझे मत आहे, पण त्यांचा वरचा पट्टा कानाला टोचतो. ते ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतात. त्यांतला २५० ओहमचा प्रकार थेट फोनला लावला तर आवाज अपुरा पडतो. मागून उघडे हेडफोन आपल्यासाठी नाहीत. त्यांचा सब-बास बहुधा लवकर घसरतो आणि कारखाना सरळ कानात येतो.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्यावी. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर छातीत जो हादरा बसतो, तो अंगाने ऐकलेला असतो आणि हेडफोन कितीही महाग घेतले तरी ते फक्त कानापाशीच हवा हलवतात.

धोटा :
वरील सल्ला शांत खोलीसाठी उत्तम आहे, पण इथे खोली शांत नाही. माझे बालपण मागांच्या आवाजात गेले, म्हणून लिहितो. बंद कप आणि जाड गादी वरचे, तीक्ष्ण आवाज चांगले अडवतात, मात्र मागाच्या मोटारीची खालची घरघर त्यांतून आत येते आणि नेमका आपल्या बासलाइनचा पट्टा झाकून टाकते. तिच्यावर खरा उपाय म्हणजे नॉइज कॅन्सलिंग, कारण बाहेरच्या लहरीची उलटी लहर तयार करण्याची ही पद्धत सलग, खालच्या आवाजावरच सर्वाधिक परिणामकारक ठरते. धोट्याचे (मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचे) अचानक येणारे ठोके मात्र तिला तितके आवरत नाहीत. रचना करताना ब्लूटूथऐवजी केबलच लावावी. नाहीतर कळ दाबल्यानंतर आवाज मागाहून येतो आणि ताल चुकतो.

कान दुखतात हे आपण ओझरते लिहिले आहे, पण मला तोच मुख्य मुद्दा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित असेल, तर ९० डेसिबलला ती मुभा केवळ ४ तासांची राहते.

मागाशेजारी :
दोघांचेही आभार. चष्मा आहे, आणि काडी चांगली जाड आहे! काल रात्री ४० हर्ट्झचा सूर लावून कप दाबले तेव्हा, इतके दिवस नव्हताच असा एक आवाज खालून वर आला. चष्मा काढल्यावर न दाबताही तो बराच टिकला. फुगवटा मात्र तसाच आहे, म्हणजे तो दोष हेडफोनचाच असणार. शिवाय कृत्रिम चामड्याच्या गाद्यांची सालपटे सुटू लागली आहेत, ती सकाळी कानामागे चिकटलेली सापडतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोणती गादी टिकते?

खर्जप्रेमी :
मखमली गादी घामाला बरी पडते. डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकारांना तीच येते आणि चष्म्याच्या काडीभोवतीही ती मऊपणे बसते. बाहेरचा आवाज मात्र ती चामड्याच्या गादीइतका अडवत नाही. चामड्याचीच घेतलीत, तर बदलून मिळणारी गादी आहे ना, एवढे आधी विचारावे.

आणखी एक. हळू आवाजात कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. तेव्हा रात्री आवाज कमी ठेवून इक्वलायझरमध्ये (प्रत्येक पट्टा वेगळा कमी-जास्त करण्याच्या सोयीत) ८० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल चढवण्यात गैर काही नाही. मात्र जितके चढवाल तितकी एकूण पातळी खाली आणा, म्हणजे आवाज फाटणार नाही. स्वतःची रचना तपासताना ही वाढ बंद ठेवावी, अन्यथा दुसऱ्याच्या हेडफोनवर आपला बास पोकळ निघतो.

मागाशेजारी :
रविवारी नवी पेठेत जाऊन आलो. स्वतःच्या फोनवर माझीच एक रचना आणि ४० हर्ट्झचा सूर नेला होता. दुकानदाराने आधी मशीन बिघडले की काय, असे पाहिले. चष्म्यासह ३८ ओहमचे बंद हेडफोन नीट बसले, म्हणून तेच घेतले. माझ्या रचनेत किक आणि बासलाइन एकाच सुरावर एकमेकांना ढकलत होत्या, हे त्यांत पहिल्यांदा ऐकू आले. रात्रपाळीसाठी फोमच्या बोंड्यांचे साधे इअरफोन वेगळे ठेवले आहेत. आता पातळ काडीचा चष्मा करायला टाकला आहे.