बोर्दोजवळ पेसाकला दोन दिवस, आईबाबांना काय दाखवू?

पुणेरी_पाहुणा: नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन फ्रान्सला, बोर्दोला जातोय. भाऊ पेसाकला कॅम्पसजवळ राहतो म्हणून राहायचा खर्च नाही. बाकी तिघांचं दोन दिवसांचं बजेट १२० युरो, जेवण धरून. दोघंही घेत नाहीत. बाबा रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, गुडघे दुखतात. पेसाकमध्येच काही आहे का?

द्राक्षवेडा: पेसाकला जाऊन शातो ओ-ब्रियों, म्हणजे तिथला नावाजलेला वाइनचा मळा, नाही बघितला तर काय अर्थ! बोर्दोच्या रेड वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत पहिल्या दर्जाचे चारच शातो होते, त्यात मेदोक भागाबाहेरचा हा एकटा. मी एक बाटली आणलीये. किंमत इथे लिहीत नाही, बायको ही साइट वाचते.

चिंगीची_आई: अहो घेत नाहीत म्हणालेत ना ते!!

रानवारा: पेसाक म्हणजे नुसतं उपनगर हो. पेसाक स्टेशनवरूनच आर्काशोंची ट्रेन पकडा आणि तिथून बसने पिलाची वाळूची टेकडी गाठा, शंभर मीटरच्या आसपास उंच आहे, आम्ही तर सूर्यास्तापर्यंत वरच बसलो होतो, एकदम भारी.

चिंगीची_आई: गुडघे. वाचत चला जरा.

नाक्यावरचा_बंड्या: बोर्दोहून ट्रॅमची बी लाइन थेट पेसाक सेंटरला येते. तिकीट काढलं तरी आत मशीनला लावायचं. आमच्या साडूने नाही लावलं, दंड भरला आणि पुढची पूर्ण ट्रिप तोंड पाडून बसला.

विटासिमेंट: बाबा सिव्हिलवाले ना? मग सिते फ्रुजेस. आंरी फ्रुजेस नावाच्या साखर कारखानदाराने ल कॉर्ब्युझिए या आर्किटेक्टकडून कामगारांसाठी वसाहत बांधून घेतली, १९२६ ची. पाण्याची जोडणीच मिळेना म्हणून घरं काही वर्षं रिकामी! नंतर राहायला आलेल्यांनी लांबलचक खिडक्या बुजवल्या, गच्चीवर उतरती छपरं चढवली. आता बरीच घरं मूळ रूपात आणलीयेत. लोक अजून राहतात, त्यामुळे खिडकीत डोकावू नका, एक घर म्युझियम आहे ते बघा. बाकी रस्त्यावरून फुकट.

द्राक्षवेडा: चंदीगडवालाच ना तो? मेव्हण्याकडे मे महिन्यात राहिलोय तिथे, काँक्रीटची भट्टी नुसती.

विटासिमेंट: २०१६ ला ही वसाहत आणि चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स एकदमच युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलेत साहेब. भट्टी म्हणे.

रानवारा: पेसाकमधल्या पाप क्लेमां या वाइनच्या मळ्याच्या टूरच्या नादी मात्र लागू नका. नोव्हेंबरात पानं गळालेली, काड्या बघायला पैसे द्यायचे का?

नाक्यावरचा_बंड्या: +१. फ्रान्सची युरो नाणीपण पेसाकलाच पाडतात. टांकसाळीचं म्युझियम पॅरिसला आहे पण.

पुणेरी_पाहुणा: सगळ्यांचे आभार. बाबांना कॉर्ब्युझिएचं सांगितलं तर म्हणाले, आयुष्यभर काँक्रीटच बघितलंय. आईला कळलं की पाप क्लेमांचा मळा ज्याचा होता तो १३०५ मध्ये पोप झाला, तिला तेच बघायचंय. बुकिंग केलं. तिघांच्या टूरचे पैसे भाऊ देतोय.

द्राक्षवेडा: चाखायला देतील तेव्हा आईबाबांचे ग्लास वाया घालवू नका.