कापलेलं नाणं टांकसाळीतलं की बाहेरचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चोर बाजारात एका विक्रेत्याकडे जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं पाहिलं, तांबे-निकेलचं. सालाखाली मुंबई टांकसाळीची हिऱ्याची खूण आहे, आणि एका बाजूने चंद्रकोरीसारखा तुकडा गायब. तो ‘एरर’ (टांकसाळीतच चूक होऊन बनलेलं नाणं) म्हणून चांगलीच किंमत सांगतोय.

मूळ वजन ९ ग्रॅम, व्यास २३ मिमी. त्याच्या काट्यावर ८.३ भरलं, पण कानस मारली तरी वजन घटणारच, त्यामुळे हा पुरावा मी धरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं: ठसा मारण्याआधीची कोरी चकतीच अर्धवट कापलेली असेल, तर ठसा उमटताना कापाच्या बरोबर समोरची कडा दबलेली, पुसट राहते. इथे ती थोडी पुसट आहे खरी, पण वापराची झीजही भरपूर आहे. कापाजवळची अक्षरं मात्र सुरीने कापल्यासारखी तुटलीत. अस्सल कापात धातू तिकडे सरकून अक्षरं ओढल्यासारखी दिसतात ना?

झीज आणि दबलेली कडा यांतला फरक भिंगाखाली नेमका कसा ओळखायचा? कापलेल्या कडेवर काय पाहावं? विक्रेत्याने रविवारपर्यंत नाणं राखून ठेवलंय, तेव्हा जाणकारांनी कृपया त्याआधी सांगावं. असं अस्सल नाणं कुणाकडे असेल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाकाल का?